बंबवाल्यांचे दोन तास

आमच्या घरात गोदीच्या स्फोटाची गोष्ट नेहमी सोन्याच्या विटेपासून सुरू व्हायची. आजी विळीवर असली तरी हातातली भाजी खाली ठेवून सांगायची, गोदीत बोट फुटली आणि मुंबईवर सोनं पडलं. माझगावातल्या तिच्या चाळीत कुणाकडे गुंजभरही सोनं पडलं नव्हतं. पडली ती फळीवरची पितळेची भांडी आणि खिडक्यांच्या काचा. तरी गोष्टीत सोनं आधी यायचं, काचा मागून.

सोनं खोटं नव्हतं. ‘फोर्ट स्टिकीन’ नावाची बोट इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे मुंबईला आली, तेव्हा तिच्या पोटात सोन्याच्या विटांच्या एकतीस पेट्या होत्या. त्यांतली एक वीट उडून बुर्जोरजी मोतीवाला नावाच्या पारशी गृहस्थांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पडली. वजन सुमारे पावणेतेरा किलो. त्यांनी ती सरकारला परत केली आणि बक्षिसाची रक्कमही मदतनिधीला देऊन टाकली, असं सांगतात. आजीला या मोतीवालांचं फार कौतुक. “माणूस असावा तर असा,” हे ती आम्हा पोरांकडे बघून म्हणायची, जणू आमच्याही गॅलरीत उद्या वीट पडणार होती.

आजीचे थोरले भाऊ, आम्हां सगळ्यांचे भाऊमामा, गोदीत हमाल होते. त्यांना सोन्याचा विषय निघाला की राग यायचा. ते कापसापासून सुरुवात करत. त्या बोटीवर सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता आणि त्याच बोटीत कराचीला कापसाच्या हजारो गासड्या भरल्या होत्या. दोन नंबरच्या खणात खाली कापूस, वर स्फोटकं. “लढाईचे दिवस, बोटी कमी, जागा मिळेल तिथं माल,” एवढंच स्पष्टीकरण ते देत. मग थोडं थांबून, “पण कापूस?”

14 एप्रिल 1944, शुक्रवार. व्हिक्टोरिया डॉकमध्ये बोट लागून दोन दिवस झाले होते आणि दारूगोळा अजून पुरता उतरवलेला नव्हता. दुपारी शेजारच्या बोटींवरच्या काही जणांना हवा खेळायच्या नळकांड्यातून धूर दिसला, पण कुणी ओरडलं नाही. दोनच्या सुमारास खणात काम करणारी माणसं धुरानं वर आली, तेव्हा आग लागल्याचं ठरलं. आधी थोडे बंब आले, मग आणखी आले. बत्तीस पाइपांतून पाणी सुरू झालं.

इथं भाऊमामांचा आवाज खाली यायचा. स्वतः ते त्या दिवशी दुसऱ्या धक्क्यावर होते, त्यामुळे पुढचं त्यांनीही ऐकलेलंच. पण ऐकलं होतं वाचलेल्यांकडून. डेकचे पत्रे इतके तापले की उभं राहवेना. बोटीच्या अंगावरचा रंग फोड येऊन सुटू लागला. नऊशे टनांच्या वर पाणी आत गेलं आणि ते उकळू लागलं. वर्मी लागणारी गोष्ट अशी, की त्या पाण्यावर जळता कापूस तरंगून वरच्या स्फोटकांजवळ सरकत गेला. जे विझवण्यासाठी ओतलं जात होतं, तेच आगीला वर उचलत होतं.

तिकडे साहेब लोकांची चर्चा चालू होती. बोट तिथंच बुडवावी, तर धक्क्याजवळ पाणी पुरेसं खोल नाही. बाहेर ओढून न्यावी, तर इंजिनाचं काम निघालेलं. दारूगोळ्याचा जाणकार अधिकारी सांगत होता, ही बोट अख्खी गोदी उडवेल. कप्तान, गोदीचे अधिकारी, फायर ब्रिगेडचे मुख्य, प्रत्येकाचा अधिकार वेगळा, आणि सगळ्यांवर हुकूम चालवील असा कुणी नाही. धोक्याचा लाल बावटासुद्धा चढला नाही, त्यामुळे आसपासच्या बोटींवर आणि वखारींत लोक आपापलं काम करत राहिले.

शूरपणा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक क्षण येतो. कुणी पुरात उडी टाकतो, कुणी रुळावरून मूल उचलतो. विचार करायला सवडच नसते. गोदीत सवड होती, दोन तासांची. पायाखालचा पत्रा तापतोय हे कळायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. मोतीवालांनी वीट परत केली तेव्हा त्यांनाही सवड होती आणि त्यांचा मोठेपणा मी कमी करत नाही. पण वीट दिल्यावर ते घरी जेवायला बसू शकले.

तीन पन्नासला बोट सोडण्याचा हुकूम निघाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. शेजारची ‘जलपद्मा’ ही बोट उचलली जाऊन तिचा मागचा भाग शेडच्या छपरावर पडला. अर्ध्या तासानं दुसरा स्फोट झाला, आधीच्यापेक्षा मोठा. दूर सिमल्यातल्या भूकंपमापकावर हादरा उमटला. मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितला जातो. त्यांत फायर ब्रिगेडची सहासष्ट माणसं. हुकूम निघाल्यावरही ती धक्क्याच्या आसपासच होती, याला दुसरा पुरावा लागत नाही.

मग त्यांची गोष्ट आजीकडे का पोचली नाही? एक कारण सेन्सॉर. युद्ध चालू होतं, जपान्यांनी बॉम्ब टाकले अशी अफवा पसरून लोक बोचकी बांधून गावाकडे निघाले होते, आणि इथल्या वर्तमानपत्रांना सविस्तर छापायला मे उजाडावा लागला. छापील मजकूर नसला की गोष्ट तोंडातोंडी फिरते, आणि तोंडाला सोनं गोड लागतं. दुसरं कारण जास्त बोचणारं आहे. बंबवाला आगीशी गेला यात लोकांना नवल वाटत नाही. पगारच त्याचा. ज्याचं काम आहे त्यानं ते केलं तर त्यात कसला त्याग, असा हिशोब आपण मनातल्या मनात करून मोकळे होतो. मला हा हिशोब पटत नाही. पगार बंब धुण्याचा आणि शिडी चढण्याचा असतो. तापलेल्या पत्र्यावर उभं राहण्याचा दर कुणी ठरवलेला नव्हता.

आमच्या चाळीत पुढे एक बंबवाले काका राहायला आले. ते नोकरीला लागले स्फोटानंतर बऱ्याच वर्षांनी, पण दर 14 एप्रिलला कडक इस्त्रीचा गणवेश घालून भायखळ्याला मानवंदनेला जायचे. तो दिवस बाबासाहेबांच्या जयंतीचा. सगळीकडे निळे झेंडे, ढोल, लेझीम. काका मिरवणुकीतून वाट काढत जायचे आणि दुपारी परतून मिरवणुकीत सामील व्हायचे. याच दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, हे मला त्यांच्याकडून कळलं.

एकदा मी त्यांना विचारलं, “त्या लोकांना ठाऊक होतं का, बोटीत काय आहे ते?”

काका बूट काढत होते. “काहींना असणार. साहेबाला तर नक्कीच.”

“मग पळाले का नाहीत?”

“पाइप सोडला तर तो एकट्याच्यानं आवरत नाही. दोघं-तिघं धरतात. एक सुटला की मागचा पडतो.” एवढं बोलून त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं आणि आईला म्हणाले, “वहिनी, शेगडीचं बटण बंद केलंत, पण रेग्युलेटर चालूच आहे.”