नैराश्यावरची गोळी : कसोटी पहिल्या पंधरवड्याची

डॉक्टरांनी नैराश्याचे निदान करून गोळी लिहून दिली. तिसऱ्या दिवशी मळमळू लागले, झोप उडाली, मन मात्र होते तसेच खिन्न राहिले आणि आठवड्याच्या आत गोळ्यांचे पाकीट कपाटात जाऊन पडले. मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात ही कहाणी नित्याची आहे. तिचा उत्तरार्धही ठरलेला असतो. नेटाने गोळी घेणारा रुग्ण दोन महिन्यांत सावरतो आणि ‘आता बरे वाटते’ म्हणून परस्पर औषध थांबवतो. गुण आला नाही, असे ज्याला म्हटले जाते त्यात पुष्कळदा औषधाच्या दोषापेक्षा या दोन अवेळी घेतलेल्या निर्णयांचाच वाटा असतो.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही नेहमी दिली जाणारी औषधे डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करीत नाहीत. मेंदूतील पेशी सेरोटोनिन हे रसायन परत शोषून घेतात, त्या क्रियेला ही औषधे अटकाव करतात. हा अटकाव लगेच सुरू होतो. पण मनाने उभारी धरायला साधारण दोन ते चार आठवडे आणि पुरता गुण यायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. मळमळ, पोट बिघडणे, डोकेदुखी, घाम, अस्वस्थता हे त्रास मात्र पहिल्या दिवसापासून हजर. म्हणजे खर्च आधी आणि मिळकत नंतर, असा हा व्यवहार आहे. यातले बहुतेक त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतात. गोळी जेवणानंतर घेतल्याने मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर ती सकाळी घेता येते.

सेरोटोनिन कमी पडते म्हणून नैराश्य येते, ही सोपी उपपत्ती आता टिकलेली नाही. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात तिला ठोस पुरावा आढळला नाही. त्यावरून ‘औषधेच खोटी’ असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. ‘लॅन्सेट’ने २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५२२ चाचण्यांच्या विश्लेषणात प्रौढांमध्ये सर्व २१ औषधे औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक माफकच होता, हेही त्यातच नमूद आहे. सौम्य नैराश्यात केवळ समुपदेशन आणि नियमित व्यायाम यांनीही भागू शकते. आजार मध्यम वा तीव्र असेल तेव्हा गोळीचे पारडे जड होते.

डॉक्टरांना काय सांगावे?

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त लपवली जाणारी बाब म्हणजे पूर्वी येऊन गेलेला उन्मादाचा काळ. झोपेविना उत्साह, अखंड बडबड, भरमसाट खरेदी, अचाट बेत असे काही दिवस रुग्णाच्या किंवा रक्ताच्या नातेवाइकाच्या आयुष्यात येऊन गेले असतील, तर आजार साधे नैराश्य नसून ‘बायपोलर’ असू शकतो. अशा वेळी केवळ नैराश्यावरची गोळी दिल्यास मन दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका असतो. रुग्णाला ते दिवस आजाराचे वाटतच नाहीत. म्हणून पहिल्या भेटीला घरचे कुणी सोबत असणे हिताचे. थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी, कारण त्या ग्रंथीची मंदगती नैराश्याचाच वेष घेऊन येते.

चालू असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव सांगावे. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सोबत असतील तर जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांत पॅरोक्सेटिन व फ्लुओक्सेटिन त्या औषधाचा परिणाम घटवू शकतात. दुखण्यावरचे ट्रॅमाडॉल आणि कोरड्या खोकल्यावरचे डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्या जोडीने सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो : थरथर, ताप, घाम, स्नायूंना झटके. अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर दिले जाणारे लिनेझोलिडही याच यादीत आहे. गंमत अशी, की नैराश्यावरील आद्य औषधांपैकी आयप्रोनियाझिड हे मुळात क्षयरोगाचेच. १९५०च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात ते घेणारे क्षयरोगी अनपेक्षितपणे प्रफुल्लित झाले आणि तिथून या औषधांचा इतिहास सुरू झाला.

ज्येष्ठांबाबत वेगळी सावधगिरी हवी. रक्तदाबासाठी पाण्याची गोळी चालू असताना रक्तातील सोडियम घसरू शकते. आजोबा अचानक गोंधळल्यासारखे बोलू लागले, तोल जाऊ लागला, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता रक्त तपासावे. गर्भवतींनी दिवस राहिल्याचे कळताच घाबरून गोळी बंद करू नये. डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा.

कामेच्छा मंदावणे हा दुष्परिणाम मात्र पंधरवड्यात हमखास जाईलच असे नाही. रुग्ण संकोचाने बोलत नाहीत, डॉक्टर गडबडीत विचारत नाहीत आणि गोळी गुपचूप बंद होते. बुप्रोपियॉन, मिर्टाझापिन अशा औषधांनी हा त्रास कमी होतो. तेव्हा हे विचारायलाच हवे.

पंचवीस वर्षांखालील रुग्णांकडे पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांचे बारीक लक्ष असावे. या वयात आत्महत्येचे विचार वाढण्याची शक्यता लक्षात घेऊन अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४मध्ये मुले व किशोरांसाठी ठळक इशारा दिला आणि २००७मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. एकाएकी आलेली बेचैनी, चिडचिड, निरवानिरवीची भाषा दिसल्यास पुढील तारखेची वाट पाहू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून ती मराठीतही मिळते. अॅमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या वर्गातील गोळ्यांचा अतिरेकी डोस प्राणघातक ठरू शकतो. तेव्हा त्या घरातील जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असाव्यात.

सवय लागते का?

बहुतेक घरांतला पहिला प्रश्न हाच. दारू किंवा तंबाखूसारखी ओढ या औषधांनी लागत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. गैरसमजाला कारण आहे ते सोबतीच्या गोळीचे. पहिले काही आठवडे निभावण्यासाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम दिले जाते आणि ते खरोखरच सवय लावणारे आहे. चिठ्ठीवरील दोन गोळ्यांपैकी कोणती किती दिवसांसाठी, हे पहिल्याच दिवशी विचारून लिहून घ्यावे. जुन्या चिठ्ठीवर वर्षभर तीच जोडी घेत राहणारे कमी नाहीत.

सवय लागत नाही याचा अर्थ गोळी वाटेल तेव्हा सोडता येते, असा नव्हे. एकदम थांबवल्यास चक्कर, विचित्र स्वप्ने, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना होऊ शकते. पॅरोक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन यांच्या बाबतीत हे अधिक. शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या फ्लुओक्सेटिनच्या बाबतीत कमी. पहिल्याच वेळच्या नैराश्यात बरे वाटू लागल्यानंतर किमान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. आजार वारंवार उलटत असेल तर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक. त्यानंतर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली जाते. घरचे लग्न, बदली, परीक्षा अशा धामधुमीत ही कपात सुरू करू नये. कपातीनंतर दोन-चार दिवसांतच उद्भवलेली चक्कर व चिडचिड बहुधा औषध कमी झाल्याची असते. काही आठवड्यांनी हळूहळू दाटून येणारी उदासी मात्र मूळ आजाराची असू शकते आणि तिच्यासाठी डॉक्टरांची भेट लांबणीवर टाकता येत नाही.