घाट उतरताना ब्रेक का ओरडतो?

बुलढाणा जिल्ह्यातील माणूस आपला पत्ता दोन शब्दांत सांगतो: ‘घाटावरचा’ किंवा ‘घाटाखालचा’. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव घाटाखाली. मध्ये अजिंठ्याच्या रांगेची भिंत. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर, तर मलकापूर अडीचशेच्या आसपास. राजूर घाटाने खाली येणाऱ्या प्रत्येक वाहनाला हा चारशे मीटरांचा हिशेब चुकता करावा लागतो. मग ती कापसाची बैलगाडी असो वा आठ-दहा वर्षे वापरलेली हायब्रिड मोटार. आजचा थ्रेड या हिशेबाविषयी आणि तो चुकवताना होणाऱ्या आवाजाविषयी.

प्रश्न साधा आहे. उंचीवरच्या वस्तूत ऊर्जा साठलेली असते. १४०० किलोची मोटार चारशे मीटर उतरली की सुमारे दीड युनिट वीज होईल इतकी ऊर्जा मोकळी होते. ती जाते कुठे? ब्रेकचा सारा इतिहास या एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहे.

पहिले उत्तर घर्षणाचे. गाडीवान उतारावर चाकाला लाकूड दाबून धरी, मागे ओंडका ओढत नेई, वळणावर चाकाखाली दगड सारी. ऊर्जेची उष्णता होई, थोडा आवाज होई, आणि बैलांच्या मानेवरचा भार हलका होई. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवीमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, तेव्हा खामगावच्या बाजाराकडे अशाच गाड्यांची रीघ लागे. या बाजारासाठी जलंब ते खामगाव हा जेमतेम १३ किलोमीटरचा फाटा बांधला गेला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला. तेरा किलोमीटरसाठी व्हाइसरॉय! कापसाचे वजन किती होते, ते यावरून समजावे.

पण खामगावची गाठ रेल्वेत चढली म्हणून घाट टळला नाही. तो फक्त पुढे ढकलला गेला. भुसावळ, मनमाड, इगतपुरी आणि मग थळ घाट, म्हणजे आजचा कसारा घाट. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेले की एक फूट खाली. लोखंडी चाकावर लोखंडी ठोकळा दाबून शेकडो टन वजन आवरायचे. ठोकळे तापत, चाकावरची तापलेली लोखंडी धाव सैल होण्याचे भय असे. म्हणून घाटात रूळ मुद्दाम चढाच्या आडमार्गाकडे वळवून ठेवीत. उतरणाऱ्या गाडीने आधी पूर्ण थांबायचे, ताबा सिद्ध करायचा, मगच तिला मुख्य मार्ग मिळे. उधळलेली गाडी त्या आडमार्गावर चढून आपोआप थांबावी, ही योजना. खंडाळ्याच्या घाटातही हीच रीत. मला ही युक्ती फार मोलाची वाटते: ब्रेक निकामी होऊ शकतो, हे गृहीत धरून तिची आखणी झाली आहे.

दुसरे उत्तर विजेने दिले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी धावली; १९३० पर्यंत तारा पुणे आणि इगतपुरीला पोहोचल्या. घाटातील मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमधून ४१ लांबट, सांधेदार इंजिने आली. जगभर त्यांना ‘मगर’ म्हणत. आपल्या रेल्वे कामगारांनी मात्र नाव दिले ‘खेकडा’. उभे असताना ते कण्हल्यासारखा आवाज काढी आणि धावताना त्याच्या दांड्यांचा सपसप नाद होई. यंत्राला आवाजावरून ओळखण्याची ही अस्सल कारखानी वृत्ती.

या खेकड्याची खरी करामत उतारावर दिसे. मोटरला वीज दिली की ती चाक फिरवते. चाकाने मोटर फिरवली की ती वीज देते आणि चाकाला अडवते. उतरणारे इंजिन अशी वीज तारेत परत सोडी आणि त्याच वेळी चढणारी गाडी ती ओढून घेई. जरा कल्पना करा: वऱ्हाडच्या कापसाच्या गाठी कसारा घाट उतरत आहेत आणि त्यांच्या वजनाची वीज होऊन समोरून येणारी गाडी इगतपुरीकडे चढत आहे. ऊर्जा उष्णतेत न घालवता परत मिळवण्याच्या या रीतीला पुनर्जनन ब्रेक म्हणतात. पॅरिसच्या लुई क्रीगरने १८९० च्या दशकातच विजेच्या बग्गीत ती वापरली होती. आपल्या घाटांत तिला खरे काम मिळाले.

अट एकच. परत आलेली वीज घेणारा कोणीतरी हवा. घेणारा नसेल, तर पुन्हा लोखंडी ठोकळेच.

आता मोटारीकडे. मोटारींच्या ब्रेकचा आवाज हा ब्रेकइतकाच जुना आहे. १९०२ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. तांब्याचे पॅड धातूच्या तबकडीवर घासत आणि असह्य किंचाळत. १९०७ च्या सुमारास हर्बर्ट फ्रूडने ॲस्बेस्टॉसचे अस्तर आणून ते किंचाळणे शमवले. (ॲस्बेस्टॉस फुप्फुसांना किती घातक आहे, हे जगाला उशिरा कळले, तो वेगळा थ्रेड होईल.) आवाजाचे मूळ आजही तेच: पॅड डिस्कवर क्षणभर अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. कोरड्या रहाटाची करकर अशीच जन्मते.

डिसेंबर १९९७ मध्ये जपानात टोयोटा प्रियस आली आणि खेकड्याची युक्ती घरगुती मोटारीत उतरली. भारतात ती २०१० मध्ये पोहोचली. येथे वीज घेणारी समोरची गाडी नाही, बॅटरी आहे. म्हणून रोजच्या वापरात पॅडला काम कमी आणि आयुष्य लांब. याच सुखाची दुसरी बाजू म्हणजे जुन्या हायब्रिडचा आवाज. न वापरलेल्या डिस्कवर गंज चढतो, कॅलिपरच्या पिना वंगण सुकून जाम होतात, पॅड एका बाजूने झिजतो. आपल्याकडे २०१५ नंतर आलेल्या ‘एसएचव्हीएस’ सियाझ-अर्टिगाही हायब्रिड म्हणवल्या गेल्या. पण त्यांत पट्ट्यावरचा छोटा जनित्र-मोटर आहे, ब्रेकचे काम जवळजवळ सगळे पॅडच करतात. त्यांचा आवाज साध्या गाडीसारखाच तपासावा.

खऱ्या हायब्रिडमध्ये आवाज केव्हा होतो, हे आधी पाहावे. पावसाळी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकपुरती खरखर झाली आणि थांबली, तर तो वरवरचा गंज. गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या क्षणी आवाज आला, तर मोटरने काम सोडून पॅडने हाती घेतल्याची ती वेळ. पिना आणि पॅडची झीज बघावी. सतत बारीक किंचाळणे म्हणजे पॅडमधली सूचक पत्री डिस्कला टेकली. बदलण्याची वेळ झाली. घरघरीत, धातूवर धातू घासल्याचा आवाज असेल, तर घाट उतरूच नये.

राजूर घाटात आणखी एक गोष्ट घडते. प्रियसच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची बॅटरी सुमारे १.३ युनिटांची, आणि तिचा निम्माही भाग वापरला जात नाही. वाऱ्याने आणि टायरांनी आपला वाटा घेतल्यावरही उतार तिला भरून टाकू शकतो. बॅटरी भरली की वीज घेणारा उरत नाही. कसाऱ्याची जुनी अट इथे लागू होते. महिनोन्‌महिने निवांत असलेले गंजके पॅड अर्ध्या घाटात अचानक कामाला जुंपले जातात आणि ओरडतात. अशा वेळी गिअर ‘बी’वर टाकावा, इंजिन अडवणुकीचा भार उचलते.

राहिला पुढच्या भागातला गुरगुर आवाज. तो ब्रेकच्या तेलाचा दाब राखणाऱ्या विजेच्या पंपाचा असतो; दार उघडताच काही सेकंद येतो आणि थांबतो, तर ठीक. ब्रेक न दाबताही तो दर थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा चालू लागला, तर दाब कुठेतरी गळतो आहे. आणि पॅड बदलायला घेतलेल्या मेकॅनिकने हा पंप आधी ठरलेल्या पद्धतीने बंद करावा. कॅलिपरमध्ये हात असताना कोणी दार उघडले, तर पंप जागा होतो आणि पिस्टन पुढे सरकतो.