किरणोपचार आणि कानांचें मोल

दादरच्या शिवाजी पार्कपासून परळ फारसें दूर नाहीं. त्या परळांत २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. परदेशांत मिळणारे उपचार स्वदेशींहि मिळावे, ही त्यांचे पति सर दोराबजी यांची इच्छा होती. पुढल्याच वर्षीं तेहि निवर्तले, तेव्हां त्यांच्या न्यासानें तो संकल्प सिद्धीस नेला.

मुख व कंठ यांच्या कर्करोगाचे रुग्ण तेथें मोठ्या संख्येनें येत. तंबाखूशीं या रोगाचें असलेलें नातें रुग्णालयाचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं अभ्यासिलें. त्या काळीं मुख्य प्रश्न एकच होता: जीव वांचेल काय? किरणांच्या वाटेंत निरोगी इंद्रियें आलीं तर त्यांनाहि झळ लागे. पण प्राणांपुढें कानांचा हिशेब कोण ठेवणार?

ही झळ दोन प्रकारची असते. नाकाच्या मागून मध्यकर्णापर्यंत जाणारी नळी सुजली म्हणजे पडद्यामागें पाणी सांचतें व कानांत दडे बसतात. ही पीडा बहुधा दूर करितां येते. दुसरी इजा खोल आहे. अंतःकर्णांतील, गोगलगाईच्या शंखासारखा अवयव ध्वनीचें संवेदनांत रूपांतर करितो. त्यांतील नाजूक पेशी एकदां मेल्या कीं पुनः उगवत नाहींत. हें बहिरेपण कित्येकदां महिन्यांनीं, वर्षांनींहि प्रकटतें. प्रथम उंच पट्टीचे स्वर जातात. आवाज येतो, पण शब्द उमगत नाहीं. त्या शंखाला लागूनच शरीराचा तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांना इजा झाली तर अंधारांत वा उंचसखल जमिनीवर पाऊल डळमळतें. रोगमुक्त मनुष्य शिवाजी पार्कचा सायंकाळचा फेरा सोडतो, कट्ट्यावरच्या गप्पांत मुका होतो, आणि घरचीं माणसें म्हणतात, "वय झालें!" खरें कारण कित्येक वर्षांमागच्या उपचारांत असूं शकतें.

सिस्प्लॅटिन हें औषध किरणांचें बळ वाढवितें, पण स्वतःहि श्रवणास बाधक आहे. परळच्या डॉक्टरांनीं ३०० रुग्णांवर केलेली तुलना २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. दर आठवड्याच्या लहान मात्रेपेक्षां दर तीन आठवड्यांच्या मोठ्या मात्रेनें रोग अधिक आटोक्यांत राहिला; परंतु तीव्र दुष्परिणामहि वाढले. ज्यांना तें औषध देतांच येत नाहीं, त्यांत श्रवण आधींच मंदावलेले रुग्णहि येतात. अशा ३५६ रुग्णांवरील प्रयोग त्याच रुग्णालयानें २०२३ सालीं मांडला. किरणांना डोसेटॅक्सेलची जोड दिल्यावर, दोन वर्षांनीं रोगाविना जिवंत असलेल्यांचें प्रमाण ३०.३ वरून ४२ टक्क्यांवर गेलें.

किरणहि आतां गांठीच्या आकाराप्रमाणें वळवितां येतात. अंतःकर्णाला पोंचणारी सरासरी मात्रा ४५ ग्रेच्या आंत, शक्य तर त्याहूनहि कमी राखावी, असा संकेत आहे. मात्र गांठ कानाशींच असेल तर कान राखण्यासाठीं तिला मोकळें सोडतां येत नाहीं.

म्हणून उपचारांपूर्वीं श्रवणाची तपासणी व्हावी, आणि पुढें वर्षानुवर्षें ती पुनः होत राहावी. पूर्वीची नोंद हातीं असेल तरच हानि किती झाली हें कळतें. श्रवणयंत्र आणि तोल सांवरण्याचे व्यायाम वेळेवर मिळतात. वांचलेल्या माणसाला घरच्यांचे बोल ऐकूं यावे, हें काम परळांत १९४१ सालीं आरंभिलेल्या कार्याचाच पुढील भाग आहे.