भूगर्भातला हायड्रोजन : एका उपेक्षित वायूची हकीकत

कोणत्याही शोधाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे तो प्रथम कोणी लावला, हे विचारण्याची आपली रीत आहे. भूगर्भातील हायड्रोजनाच्या बाबतीत प्रश्न उलटा करावा लागतो : तो कोणाकोणाला सापडूनही लाभला नाही?

१८८८ साली मेंडेलीव्ह ह्या थोर रशियन रसायनशास्त्रज्ञाने, आजच्या युक्रेनमधील माकीव्हका येथील कोळशाच्या खाणीत भेगांतून हायड्रोजन झिरपत असल्याचे नमूद केले. खाण कोळशाची, वायूकडे पाहतो कोण? पुढे १९२१ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील कांगारू बेटावर, आणि १९३१ साली तेथून जवळच्याच यॉर्क द्वीपकल्पावर, तेलासाठी विहिरी खणल्या गेल्या. तेल लागले नाही. जो वायू वर आला त्याच्या काही नमुन्यांत हायड्रोजनाचे प्रमाण शेकडा ८० च्या आसपास होते. तेलवाले आपले सामान आवरून निघून गेले. २०२३ साली यॉर्क द्वीपकल्पावर नवी विहीर खणली, तेव्हा हायड्रोजन पुन्हा मिळाला.

शास्त्रज्ञांचीही बाजू ऐकली पाहिजे. हा वायू सर्वांत हलका, खडकांतून सहज निसटणारा, आणि जमिनीतल्या सूक्ष्म जंतूंचे तर ते खाद्यच; तेव्हा तो मुळी साठून राहणारच नाही, अशी दृढ समजूत होती. गंमत अशी की, वायूंचे पृथक्करण करणाऱ्या कित्येक यंत्रांत वाहक म्हणून हायड्रोजनच वापरीत. मग नमुन्यातला हायड्रोजन दिसावा कसा?

ह्या समजुतीला धक्का दिला तो पश्चिम आफ्रिकेतील माली देशातल्या बूराकेबूगू ह्या खेड्याने. १९८७ साली तेथे पाण्यासाठी कूपनलिका खणीत होते. १०८ मीटर खोल गेले तरी पाण्याचा थेंब नाही. वर येऊ लागला तो वारा! खणणाऱ्यांपैकी एकजण तोंडात सिगारेट धरून आत डोकावला, तोच भडका उडाला व तो बिचारा भाजून निघाला. आग विझवावयास कित्येक आठवडे लागले. अखेर नळी बुजवून टाकली, आणि गावकरी त्या जागेपासून दूर राहू लागले. पुढे आलियू दियालो ह्या मालीतील उद्योजकाने ती २०१२ च्या सुमारास पुन्हा उघडविली. वायू तपासला तो शेकडा ९८ हायड्रोजन निघाला! त्यावर इंजिन चालवून गावाला वीज दिली गेली. आयुष्यात प्रथमच मशिदीत संध्याकाळच्या नमाजाला विजेचे दिवे लागले, बर्फ तयार होऊ लागला. शिवाय वर्षांमागून वर्षे गेली तरी विहिरीतील दाब म्हणण्यासारखा उतरला नाही.

खाली हा वायू नित्य तयार होत असावा, असा तर्क त्यावरून निघतो. ऑलिव्हीनसारख्या खनिजातील लोखंड खोलवर उष्ण पाण्याच्या संगतीत येते, पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेते आणि हायड्रोजन मोकळा सोडते. ओल्या खिळ्याला गंज चढावा, तसाच काहीसा हा प्रकार.

पण हुरळून जाण्याचे कारण नाही. एक खेडे उजळणे निराळे, कारखाने चालविणे निराळे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील शास्त्रज्ञांनी २०२४ साली जगातील साठ्याचा प्रचंड अंदाज मांडला खरा. परंतु त्यातील बहुतेक भाग फार खोल किंवा फार विखुरलेला असेल, हेही त्यांनीच सांगितले. त्याच वर्षी आल्बेनियातील बुल्किझे येथील क्रोमाइटच्या खाणीतून वर्षाला निदान २०० टन हायड्रोजन बाहेर पडतो, असे मोजमाप प्रसिद्ध झाले. तेथील खाणकामगारांना त्याची ओळख आधीच झाली होती. ती स्फोटांच्या रूपाने.