पाटी, पुस्तक आणि निस्तारपत्रक

सन 1949 च्या सुमारास कुरखेड्याच्या परिसरात ज्या मुलाचे नाव शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरात चढले असेल, त्याला ‘तुमचे राज्य कोणते?’ या एका प्रश्नाची चार उत्तरे, गाव न सोडता, शिकावी लागली. प्रथम मध्यप्रांत व वऱ्हाड, 1950 मध्ये मध्यप्रदेश, 1956 च्या नोव्हेंबरात द्विभाषिक मुंबई आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र. पुढे 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुराचे विभाजन होऊन गडचिरोली हा जिल्हा झाला, तेव्हा त्याच्या मुला-नातवंडांच्या वाट्यास ‘तुमचा जिल्हा कोणता?’ याचेही नवे उत्तर आले. शाळांचा कारभारही डिस्ट्रिक्ट कौन्सिलाकडून जनपद सभांकडे आणि 1962 पासून जिल्हा परिषदेकडे गेला. समाजशास्त्राचा इतका जिवंत पाठ दाराशी घडत असता वर्गात मात्र मुले राजधान्यांची यादी घोकीत बसली, हे आपल्या अध्यापनपद्धतीच्या इतिहासातील एक मोठेच नवल आहे.

घोकंपट्टी ही या शिक्षणाची जुनी मिरास. पंतोजीच्या शाळेत धूळपाटीवर अक्षर गिरवायचे, ते हाताने पुसून पुन्हा गिरवायचे, मग बोरूने कित्ता वळवायचा आणि उजळणी एका सुरात म्हणायची, असा क्रम असे. त्याने हस्ताक्षर वळणदार होई, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अक्षर ओळखणे आणि मजकूर समजणे यांतील अंतर त्याने मिटत नसे. सती नदीच्या या खोऱ्यात तर ते अंतर दुप्पट. झाडीबोली बोलणारे मूल ‘डोरा’ म्हणते आणि त्याला ‘डोळा’ लिहावयाचा असतो. गोंडी घरातले मूल ‘एर’ मागते आणि पुस्तकात ‘पाणी’ असते. अशा मुलाच्या शुद्धलेखनावर तांबडी शाई ओतण्यापूर्वी त्याच्या तोंडचे वाक्य फळ्यावर जसेच्या तसे लिहून त्याच्याकडूनच वाचून घ्यावे, आणि पुस्तकी रूप त्याच्या शेजारी मांडावे, इतका साधा उपाय अनेक वर्षे कमीपणाचा समजला गेला.

इतिहासाचेही तेच. 1970 पासून चौथीचे मूल शिवछत्रपतींच्या चरित्रातून सह्याद्रीचे दुर्ग शिकले, आणि ते योग्यच होते. परंतु शेजारच्या आरमोरी तालुक्यातील वैरागड, ज्याच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या दरबारी ‘आईन-इ-अकबरी’त झाला, तो किल्ला या मुलांना जत्रेच्या वाटेवरचा दगडधोंडाच राहिला.

वास्तविक वाचन, लेखन आणि समाजशास्त्र हे तिन्ही विषय एकत्र बांधणारा एक कागद इकडच्या गावांच्या दप्तरात होता. 1950 च्या कायद्याने मालगुजाऱ्या व जमीनदाऱ्या गेल्या, त्यानंतर गावकऱ्यांच्या वहिवाटी निस्तारपत्रकात व वाजिब-उल-अर्जात नोंदविण्याची तरतूद महसूल कायद्यात झाली: सरपण कोठून आणावे, नांगराचे लाकूड कोणत्या जंगलातून घ्यावे, गुरे कोठे चारावीत, मसणवट कोठे. गावाचा भूगोल, अर्थकारण आणि नागरिकशास्त्र त्या रुक्ष रकान्यांत सामावले होते. पण तो कागद पटवाऱ्याच्या बस्त्यात राहिला आणि वाचनपाठात मात्र दूरच्या शहरातील बागेची सहल आली.

त्या कागदाला पुन्हा किंमत आली ती 2006 च्या वनहक्क कायद्याने. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) व मर्दा या गावांचे सामूहिक हक्क 2009 मध्ये मान्य झाले. कायद्याच्या नियमांत पुराव्याचा जो तपशील आहे, त्यात सरकारी दस्तऐवजांच्या पंक्तीला वडीलधाऱ्यांचे लेखी स्वरूपात घेतलेले निवेदनही बसविले आहे. म्हणजे शाळेने ज्याला कधी इतिहास म्हटले नव्हते, त्या म्हाताऱ्याच्या आठवणीला कायद्याने पुराव्याचा दर्जा दिला.

शिक्षकाला यापेक्षा चांगला धडा कोणता सापडणार? पाचवी-सहावीच्या मुलांनी चौघांच्या टोळीने एकेका आजोबांकडे जावे, एकाने विचारावे, दुसऱ्याने त्यांच्याच बोलीत लिहावे, तिसऱ्याने अंगणात रांगोळीने नाले, पांदण आणि मोहाची झाडे मांडावीत, चौथ्याने तो नकाशा कागदावर उतरवावा. मग जुन्या जबाबाच्या शेवटी जे शब्द असत, ‘वाचून दाखविला, बरोबर आहे’, ते लिहिण्यापूर्वी मजकूर मोठ्याने वाचावा. अडखळत वाचणाऱ्या मुलाला मास्तर टोकतात ते उच्चारासाठी; आजोबा टोकतील ते नाला चुकला म्हणून, आणि तेवढे वाक्य मुलाला खोडून पुन्हा लिहावे लागेल.