मितीय विदा रचना

संस्थेच्या व्यवहारांची संगणकात साठविलेली माहिती, म्हणजेच विदा वा डेटा, विश्लेषणास सुलभ व्हावी म्हणून मोजमापे आणि त्यांचे संदर्भ अशा दोन भागांत मांडण्याची पद्धत. निरनिराळ्या विभागांतील विदा एकत्र करून दीर्घकाळ राखणाऱ्या विदा कोठारात, म्हणजे डेटा वेअरहाउसमध्ये, ती मुख्यत्वे वापरतात.

आयबीएम कंपनीतील संशोधक ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये विदेचे संबंधात्मक प्रतिमान मांडले. त्यावरून विकसित झालेल्या प्रसामान्यीकरणाच्या नियमांनुसार प्रत्येक बाब शक्यतो एकाच ठिकाणी नोंदविली जाते. बँकेची खाती वा तिकिटांचे आरक्षण यांसारख्या कामांत, जेथे लहानलहान नोंदी सतत बदलतात, तेथे ही रचना उपयुक्त ठरली. मात्र कोणत्या प्रदेशात कोणत्या मालाची विक्री तीन वर्षांत कशी बदलली, अशा प्रश्नाच्या उत्तरासाठी अनेक कोष्टके जोडावी लागत. हे काम वेळखाऊ होते आणि संगणकतज्ज्ञाच्या मदतीवाचून ते करणे व्यवस्थापकाला अवघड जाई. शिवाय नव्या नोंदीने जुनी पुसली गेल्यास संस्थेचा पूर्वेतिहासच नाहीसा होई.

यावर उपाय म्हणून विश्लेषणाची विदा दैनंदिन व्यवहारांपासून अलग ठेवण्याचा विचार पुढे आला. आयबीएममधील बॅरी डेव्हलिन व पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये अशा कोठाराची रूपरेषा प्रसिद्ध केली. विल्यम इन्मन यांनी विषयानुसारी, एकात्मिक, कालसापेक्ष व स्थिर ही त्याची चार लक्षणे सांगितली.

कोठाराची अंतर्गत मांडणी कशी असावी, याचे एक उत्तर राल्फ किंबल यांनी द डेटा वेअरहाउस टूलकिट (१९९६) या ग्रंथात दिले. मिती व तथ्य या संज्ञा आपल्या नसून १९६० नंतरच्या दशकात जनरल मिल्स ही कंपनी व डार्टमथ कॉलेज यांच्या संयुक्त संशोधनातून त्या आल्याचे त्यांनी नमूद केले आहे. या पद्धतीत प्रथम एक नोंद नेमके काय दर्शविते, उदा., दुकानाच्या पावतीवरील एक ओळ, हे ठरवितात. नगसंख्या व रक्कम ही मापे मधल्या तथ्य-कोष्टकात जातात. दिनांक, वस्तू, दुकान व ग्राहक यांचे तपशील भोवतालच्या मिती-कोष्टकांत असतात. आकृतीत ही मांडणी ताऱ्यासारखी दिसते, म्हणून तिला तारा-रचना म्हणतात. तीत तपशिलांची पुनरुक्ती होते, पण प्रश्न विचारणे सोपे जाते.

मितींमधील सावकाश होणारे बदल हा यातील कळीचा प्रश्न होय. ग्राहक दुसऱ्या शहरी गेल्यावर जुना पत्ता पुसून नवा लिहिला, तर त्याची पूर्वीची खरेदीही नव्या शहराच्या खाती दिसते आणि मागील वर्षांचे आकडे नकळत बदलतात. हे टाळण्यासाठी नव्या पत्त्याची वेगळी नोंद करून तिला स्वतंत्र क्रमांक देतात. जुनी विक्री जुन्या नोंदीशीच निगडित राहते.

इन्मन यांच्या मते प्रथम संपूर्ण संस्थेचे प्रसामान्यीकृत कोठार उभारून त्यातून विभागांना विदा पुरवावी. किंबल यांनी एकेका व्यवहारापासून आरंभ करून, सर्वांना समान असलेल्या मितींनी ते भाग जोडण्याचा मार्ग सांगितला. पहिल्या मार्गात सुसंगतीची हमी अधिक, तर दुसऱ्यात लाभ लवकर मिळतो. प्रत्यक्षात अनेक संस्थांनी दोहोंचा मेळ घातला.

१९९३ मध्ये खुद्द कॉड यांनी, संबंधात्मक प्रणाली बहुमितीय विश्लेषणासाठी योजिलेल्या नव्हत्या, असे प्रतिपादन केले. एका विक्रेत्या कंपनीने पुरस्कृत केल्यामुळे त्या लेखावर टीका झाली, तरी त्यातील ओलॅप ही संज्ञा रूढ झाली. १९९९ च्या एसक्यूएल मानकात बहुमितीय बेरजांची सोय करण्यात आली. पुढे स्तंभनिहाय साठवण व स्वस्त स्मृतिसाधने यांमुळे वेगाची अडचण बरीच कमी झाली. तथापि विदेचा अर्थ वापरणाऱ्यास सहज समजावा व गतकाळ जसाच्या तसा राहावा, या दोन गरजा कायम असल्याने ही रचना आजही प्रचारात आहे.