हापूसवरील युरोपीय बंदी (२०१४–१५)

युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा आणि वांगी, कारली, पडवळ, अळू यांच्या आयातीवर घातलेली तात्पुरती बंदी. नियम साऱ्याच भारतीय आंब्यांना लागू होता. तरी गाजला तो हापूसच्या नावाने.

रत्नागिरी तालुक्यात गणपतीपुळे, मालगुंड, जयगड या किनारपट्टीवर कातळ फोडून हापूसची कलमे लावलेली आहेत. एप्रिल–मे हा तिथला ऐन हंगाम, आणि बंदी नेमकी तेव्हाच आली. भारतीय आंब्याचा मोठा परदेशी ग्राहक आखात असल्याने एकूण निर्यातीत युरोपचा वाटा लहान होता. मात्र निर्यातीच्या दर्जाचे फळ काढणाऱ्या बागायतदाराला लंडनची पेटी प्रतिष्ठेची वाटे.

बंदीचे कारण फळमाशी. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर किडी सापडल्या होत्या. संघाची बाजारपेठ एकच असल्याने निर्णय एकदम २८ देशांना लागू झाला. भारतीय आंब्याचा युरोपातील मुख्य ग्राहक मात्र ब्रिटन, त्यातही लंडन आणि लेस्टरमधील भारतीय कुटुंबे. आपल्या ताटातले फळ संघाचे मुख्यालय असलेल्या ब्रुसेल्सने का ठरवावे, हा प्रश्न तिथे उघडपणे विचारला गेला. लेस्टर पूर्वचे गोमंतकीय वंशाचे खासदार कीथ वाझ यांनी तो पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांच्याकडे नेला.

हा राग समजण्याजोगा होता, पण त्याचा रोख अर्धाच बरोबर होता. काकडी-टोमॅटोच्या आपल्या पिकांना किडीचा धोका आहे, असे सांगून ब्रिटनच्या कृषी-पर्यावरण खात्यानेच बंदीला पाठिंबा दिला होता. सार्वभौमत्वाच्या वादात ही बाब सहज विसरली जाते: पुष्कळदा ब्रुसेल्सच्या नावावर खपणारा निर्णय सदस्य देशाच्या राजधानीलाही हवाच असतो. ‘युरोप विरुद्ध ब्रिटन’ एवढ्यावर हे प्रकरण मिटवणारी मांडणी म्हणूनच अपुरी ठरते.

भारताने पॅकहाऊसमधील तपासणी कडक केली आणि ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर फळ ठेवण्याची प्रक्रिया निर्यातीसाठी स्वीकारली. त्यामुळे २०१५ अखेरपर्यंतची बंदी आंब्यापुरती त्याच वर्षाच्या सुरुवातीला, हंगामापूर्वीच, उठली. श्रेय सुधारलेल्या तपासणीला द्यायला हवे. नुसत्या निषेधाने ती उठली नसती.

पुढे संघात राहायचे की नाही यावर ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ रोजी झालेल्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी संघ सोडण्याचा कौल दिला. लेस्टर शहराने मात्र निसटत्या बहुमताने संघात राहणे पसंत केले; आंब्याच्या रागावरून तिथल्या भारतीयांचे मत ओळखू पाहणे चुकीचे ठरेल. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला, पण वनस्पती-आरोग्याचे नियम त्याने बव्हंशी तसेच ठेवले. रत्नागिरीच्या बागायतदाराला आता लंडन आणि ब्रुसेल्स अशा दोन दारांचे नियम सांभाळावे लागतात.